चाळीस-एक्केचाळीसच्या मधलं झाड

लेमकाकांचं पूर्ण नाव लेम्युएल स्टॅनर्ड. हेमलॉक ओढ्याकाठच्या निम्म्या लोकांना ते त्यांच्या थडग्यावरच्या दगडावरूनच कळलं. आम्हां सगळ्यांसाठी ते नुसते लेमकाका. उंच, खांद्यात वाकलेले, डाव्या हाताची करंगळी अर्धी. बोलताना ते समोरच्या माणसाकडे कमी आणि त्याच्या मागच्या झाडाकडे जास्त बघायचे. माझा नवरा एलिहू म्हणायचा, "काकांच्या लक्षात चेहरे राहत नाहीत, खोडं राहतात."

मी लग्न होऊन न्यूयॉर्कच्या या पश्चिम टोकाला आले, तेव्हा एलिहूने ओळख करून दिली, "ही लोव्हिना, कनेक्टिकटची." काकांनी गाव विचारलं. मी सांगितलं. जरा वेळ डोळे मिटून ते म्हणाले, "चर्चसमोर एक एल्म आहे. खालची मोठी फांदी वीज पडून गेलेली, आणि त्या जागी ढोली." त्या एल्मखाली मी लहानाची मोठी झाले होते. ढोली मला आठवत होती, कारण आम्ही मुली तिच्यात चिठ्ठ्या लपवायचो. काका त्या गावातून एकदाच गेले होते, एका दुपारी, वीस वर्षांपूर्वी.

तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते. भावांच्या दगडाळ शेतात राबण्यात तरुणपण गेलं होतं. जेनेसी नदीपलीकडच्या रानाच्या करारावर तिथल्या मूळ सेनेका जमातीच्या सरदारांच्या सहीऐवजी खुणा उठल्या, एका जमीन-कंपनीने ते सगळं रान विकत घेतलं आणि मोजणीला माणसं हवीत अशी बातमी आली. काका कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाले. मोजणीच्या टोळीत सर्वांत पुढे होकायंत्रवाला, त्याच्या मागे दोन साखळीवाले आणि सगळ्यांच्या वाटेतलं झाडझाडोरं तोडणारे कुऱ्हाडवाले. जिथे दोन जमिनींचा कोपरा पडेल, तिथल्या झाडाची साल हातभर तासून त्यावर तीन खाचा आणि दोन्ही जमिनींचे आकडे कोरायचे, हे काम काकांचं.

काकांना लिहितावाचता येत नव्हतं. मोजणीदार तासलेल्या लाकडावर कोळशाने आकडे काढून द्यायचा आणि काका त्यावरून कोरणीने कोरत जायचे. चारशेच्या वर झाडं अशी कोरली. "आकडा काय होता ते मला विचारू नकोस," ते म्हणायचे, "झाड कसं होतं ते विचार."

मी विचारायची. हिवाळ्यात ते आमच्या चुलीशी बसून कुऱ्हाडीचे दांडे तासायचे आणि मी विणता विणता विचारायची. तीन आठवडे आकाश सलग दिसलं नाही, असं ते सांगायचे. दोन माणसांनी हात धरूनही कवेत न येणारे ओक, आणि त्यांच्यात इतकी शांतता की साखळीची कडी वाजली तर घुबड उडायचं. तो चालणारा, बर्फ तुडवणारा माणूस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या कचेरीतल्या टेबलावरचा नकाशा, ज्यावर एलिहूने बोट टेकवलं आणि म्हटलं, "ही एक्केचाळीस नंबरची." बोटाच्या पेराएवढा चौकोन होता तो. त्या चौकोनात आज माझं स्वयंपाकघर आहे, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आम्ही इथे पहिल्यांदा गाडी थांबवली, तेव्हा आमचा पश्चिमेचा कोपरा काकांनीच दाखवला होता. ओढ्यापासून वर चढणीवर एक मेपल. त्यावर तळहात मारून म्हणाले, "हे तुमचं. याच्या या बाजूला चाळीस नंबर, त्या बाजूला एक्केचाळीस." खूण काही दिसत नव्हती. साल मिटून गेली होती. एलिहूने विचारलं, "नक्की ना काका?" काका नुसते त्याच्याकडे बघत राहिले. पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्या मेपलपासून दीडशे फुटांच्या आत आम्ही सगळं उभं केलं. ओंडक्यांचं घर, झऱ्यावरची दगडी कुंडी, सफरचंदाची सहा झाडं. पहिल्या झाडाखाली आमची डिलाइट आहे. ती अकरा महिन्यांची होती. त्या वर्षी शरदात ओढ्याकाठच्या हवेने सगळ्यांनाच ताप आला होता. काकांची बायको फिल्युराही त्यांच्या सदतीस नंबरच्या जमिनीवर दुसऱ्याच वर्षी तशाच तापाने गेली होती. डिलाइटची पेटी काकांनी केली. एकही खिळा न वापरता.

अठराशे सव्वीस साली कंपनीने आमच्या भागावर नवा एजंट नेमला. कॉर्नेलियस व्हॅन स्लाइक. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून बोलायचा, मुलांना खडीसाखर द्यायचा. पण त्याचं म्हणणं, झाडं पडतात, जळतात, लोक तोडतात; आता सगळ्या कोपऱ्यांवर दगड बसवायचे. त्यासाठी हार्लो बीब नावाचा तरुण मोजणीदार आला, पितळेचं नवं कोरं होकायंत्र घेऊन. जुनी वही हातात धरून त्याने ओढ्यापासून साखळी टाकली. वहीतला आकडा भरला तिथे त्याने खुंटी ठोकली.

मी झऱ्यावरून पाणी घेऊन येत होते. माझ्या आणि माझ्या घराच्या पलीकडे, पूर्वेला, लाल चिंधी बांधलेली ती खुंटी मला दिसली. कडेवर धाकटी होती, मागे फिलेना घागरीचा काठ धरून चालत होती. मी घागर खाली ठेवली.

"हे काय हो?" मी विचारलं.

"चाळीस नंबरची पूर्वेची हद्द, बाईसाहेब," बीब म्हणाला.

"आणि आमचं घर?"

त्याने वहीत बघितलं, घराकडे बघितलं. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "चाळीस नंबरात येतं," तो म्हणाला.

चाळीस नंबर त्याच वसंतात व्हर्मॉन्टच्या ओबेद क्रँडलने घेतला होता. मोठ्या हाताचा, हळू बोलणारा माणूस. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती, आणि ते अजून झोपडीतच राहत होते. माझी त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

एलिहू त्याच संध्याकाळी एजंटकडे गेला, बरोबर काकांना घेऊन. मीही गेले. शब्दांत एलिहू कच्चा पडतो, आणि लग्नाआधी दोन वर्षं मी मुलींच्या अकादमीत शिकले होते, म्हणून कागद मी वाचावेत असं आमच्यात ठरलेलं होतं. व्हॅन स्लाइकने वही माझ्यापुढे उघडली. लिहिलं होतं: मेपल, अठरा इंच, खूण केली. अकरा मार्च, सतराशे नव्व्याण्णव.

"हे बघा," व्हॅन स्लाइक म्हणाला, "नियम तुमच्या बाजूचाच आहे. पहिल्या मोजणीची खूण सापडली तर तीच खरी. माझी साखळी खोटी. मग आधीच्या माणसाने चुकीचं का मोजलं असेना. पण खूण सापडली तर. नुसत्या म्हणण्यावर मी दगड हलवू शकत नाही."

"झाड तिथेच आहे," काका म्हणाले. "मी दाखवतो."

"त्या चढणीवर शंभर मेपल आहेत, मिस्टर स्टॅनर्ड."

"मी त्यातलं एकच कोरलंय."

बीब हसला. "काका, सत्तावीस वर्षं झाली. मला परवाचं जेवण आठवत नाही."

"परवाच्या जेवणात आठवण्यासारखं काय होतं?" काकांनी विचारलं.

व्हॅन स्लाइकला हसू आवरलं नाही. "ठीक आहे. एक झाड. तुम्ही सांगाल ते एकच झाड मी कापून बघू देईन. सगळी चढण पोखरायला लागलात तर कंपनी माझंच लाकूड करेल. सापडलं तर उत्तम. नाहीतर शनिवारी दगड बसेल."

काय शोधायचं ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं. झाड जखम भरून काढतं. दोन्ही कडांनी साल पुढे सरकत येते, मधोमध मिटते, आणि मग दर वर्षी लाकडाची एक नवी कडी वरून चढत जाते. खूण आत तशीच राहते. तिच्यावर किती कड्या चढल्या ते मोजलं की किती वर्षं झाली ते कळतं. लाकडाला खोटं बोलता येत नाही, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणतात.

गुरुवारी सकाळी मेपलखाली आम्ही जमलो. क्रँडलही आला. काका झाडासमोर उभे राहिले, छातीच्या उंचीवर तळहात टेकवला. "इथे," ते म्हणाले. "मी नेहमी छातीच्या उंचीवर कोरतो. कोरणी तिथेच नीट चालते."

डावखुरे होते ते. घाव उलट्या बाजूने पडायचे, त्यामुळे त्यांच्याबरोबर झाड तोडायला कुणी उभं राहायचं नाही. एक घाव, दुसरा घाव. पांढऱ्या लाकडाच्या ढलप्या पायाशी पडत गेल्या. चार बोटं आत गेले, काही नाही. वीतभर आत गेले, काही नाही. मग कुऱ्हाड कशाला तरी लागली. आवाज बदलला. एलिहूने माझा दंड धरला.

आत खूण होती. एकच, तिरकी, काळपट, घावाच्या खालच्या कडेला, कमरेच्या जरा वर. तीन खाचा नाहीत, आकडे नाहीत. बीबने भिंग काढून कड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"नव्वद," तो म्हणाला. "नव्वद कड्या आहेत वर. काका, तुम्ही आजोबांच्याही आधी मोजणीला आला होतात वाटतं!"

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. वाकून ती खाच बघत राहिले, अर्धी करंगळी तिच्या कडेवरून फिरवत. "ही रसाची खाच, मेपलच्या गोड रसाची," ते स्वतःशीच म्हणाले. "सेनेका बायका अशी तिरकी पाडायच्या, खाली झाडाच्या सालीचा द्रोण लावायच्या. इतकी खाली आहे, म्हणजे त्या वर्षी बर्फ नव्हता फारसा."

मग कुऱ्हाडीचं पातं बाहीला पुसून ते वळले आणि घरी निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. एलिहूने दोनदा हाक मारली.

त्या दिवशी मला वाटलं होतं की मी जमिनीचा विचार करत बसेन. पण संध्याकाळपर्यंत मी त्या पाठमोऱ्या माणसाचाच विचार करत होते. घर गेलं तर एलिहू दुसरं बांधेल. त्याच्यात तेवढी धमक आहे. त्या माणसाजवळ बायको नव्हती, मूल नव्हतं, सदतीस नंबरची जमीन दगडांचीच होती. त्याच्याजवळ चारशे झाडं होती, आणि आता त्यातलं पहिलंच खोटं ठरलं होतं. सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन मी थोडं गवत उपटलं. दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी घरामागच्या मेपलांकडे गेले. मार्चमध्ये साखरेसाठी रस काढायला ठोकलेल्या लाकडी नळ्या अजून काही झाडांत तशाच राहिल्या होत्या. हद्द गेली तर ही झाडंही जाणार, निदान नळ्या तरी काढून घ्याव्यात असं मनात आलं. फिलेना माझ्यामागे होती. चार वर्षांची. तिला मी एक क्षणही नजरेआड करत नसे, झरा जवळ होता.

"आई, तू किती मोठी होतीस गं!" ती म्हणाली.

"कधी?"

"भोकं पाडलीस तेव्हा. आता तुझा हात पुरत नाही."

मी वर बघितलं. नळी माझ्या डोक्याच्या दोन हात वर होती. टाचा उंचावूनही बोट लागेना. मार्चमध्ये इथे खांद्याएवढा बर्फ होता, वरून टणक झालेला. त्याच्यावर उभी राहून, धाकटीला टोपलीत शेजारी ठेवून, मी छातीच्या उंचीवर भोकं पाडली होती. छातीच्याच उंचीवर.

*इतकी खाली आहे, म्हणजे त्या वर्षी बर्फ नव्हता.*

फिलेनाला उचलून मी धावत सुटले. सदतीस नंबर पाऊण मैलावर आहे. पोहोचले तेव्हा श्वास लागला होता. काका उंबऱ्यावर बसले होते, हातात काही काम नव्हतं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काका, तुम्ही कोणत्या महिन्यात कोरलंत ते?"

"वही तूच वाचलीस ना, पोरी."

"अकरा मार्च! काका, अकरा मार्च! तुम्ही कशावर उभे होता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागच्या झाडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलेलं मला दिसलं, ओढ्यावरचा बर्फ खालून सुटतो तेव्हा वरून दिसतं तसं.

"दलदल गोठलेली असावी म्हणून आम्ही हिवाळ्यातच चालायचो," ते हळूहळू म्हणाले. "पायांत जाळीचे जोडे, बर्फात रुतू नये म्हणून. त्या मुक्कामाला आम्ही शेकोटी पेटवली, आणि ती वितळवत वितळवत खाली गेली. सकाळी बघतो तर शेकोटी विहिरीच्या तळाशी. न्याहारीचं भांडं दोरीने वर ओढावं लागलं." त्यांनी पायाखालच्या मातीकडे बघितलं. "मला वारा आठवतो. त्या दिवशी खाल्लेलं खारवलेलं डुकराचं मांस आठवतं, खवट होतं. झाडाचा कल आठवतो. आणि पायाखालचा बर्फ विसरलो! सत्तावीस वर्षं मी त्या झाडाच्या छातीकडे बघतोय, आणि ते मला गुडघा दाखवतंय!"

आणि ते हसायला लागले. इतके की फिलेना घाबरून माझ्या स्कर्टमागे लपली.

शनिवारी दगड बैलगाडीतून चढणीवर आला होता, बीबने खड्डाही खणायला घेतला होता. काका शिडी मागायला क्रँडलकडे गेले, कारण आमच्याकडची मोडकी होती. मला वाटलं, तो नाही म्हणेल. हद्द सरकली तर त्याचं नुकसान होणार होतं. त्याने शिडी स्वतः खांद्यावरून आणली.

"जे आहे ते दिसू द्या," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुणाच्या लेकराच्या थडग्याशेजारी नांगर फिरवायची माझी इच्छा नाही. माझ्या बायकोचीही नाही."

व्हॅन स्लाइक त्रासला होता. "मिस्टर स्टॅनर्ड, मी एक झाड म्हणालो होतो."

"तेच झाड आहे, साहेब. एक झाड म्हणालात, एक घाव नाही म्हणालात."

"आणि तुम्ही म्हणता ती खूण नऊ फुटांवर गेली कशी?" बीबने विचारलं. "झाड वाढलं तशी वर चढली? मग अजून वीस वर्षं थांबू, शेंड्यावर मिळेल!"

"झाड शेंड्याने वाढतं, पोरा. खोडाला ठोकलेला घोड्याचा नाल पन्नास वर्षांनी तिथेच असतो. शहरातली झाडं वेगळी असतील तर मला माहीत नाही." काका शिडीवर पाय ठेवत होते. "खूण कुठे गेली नाही. आपण खाली उतरलो."

एलिहू म्हणाला, "काका, मी चढतो."

"तुझा हात उजवा आहे. ही खूण डाव्या हाताची आहे," काका म्हणाले आणि चढले.

शिडी क्रँडल आणि एलिहूने दोन बाजूंनी धरली. खाली उभं राहून मला फक्त काकांच्या बुटांचे तळ दिसत होते आणि पडणाऱ्या ढलप्या. मी ढलप्या मोजायला लागले, मग सोडून दिलं. साठ वर्षांचा माणूस, नऊ फुटांवर, एका हाताने कुऱ्हाड चालवत होता, आणि आमच्यासाठी हे करताना तो पडला तर मी स्वतःला काय सांगणार, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. मग आवाज बदलला. काकांनी कुऱ्हाड खाली टाकली आणि म्हणाले, "छिन्नी द्या."

त्यानंतर फार वेळ नुसती टकटक. वर कुठेतरी एक पक्षी सारखा बोलत होता. शेवटी काकांनी दोन्ही हात झाडाला लावले आणि एक हातभर फळी, पेटीचं झाकण उघडावं तशी, अलगद सुटून त्यांच्या हातात आली. शिडीवर तसेच उभे राहिले. मग बाजूला झुकले, आम्हांला दिसावं म्हणून.

तीन खाचा. त्यांच्याखाली ४० आणि ४१, मधे उभी रेघ.

कडा इतक्या धारदार होत्या, जणू कुणी आज सकाळी कोरल्या असाव्यात. माझ्या लग्नाआधी, आमची कुणाची इथे ओळखही नव्हती तेव्हा, एका माणसाने गारठल्या हाताने हे कोरलं होतं. आणि झाडाने एक शब्द न बोलता ते छातीशी धरून ठेवलं होतं. त्याच्यावर उन्हाळे गेले, त्याच्याखाली आमची गाडी थांबली, माझी मुलं खेळली. आत हे होतं.

काकांनी फळी खाली दिली. तिच्या आतल्या बाजूला तेच आकडे होते, पण उलटे आणि उठावाचे. लाकूड खाचांत शिरून वाढलं होतं. छापखान्यातल्या खिळ्यासारखं. फिलेनाने त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

बीबने टोपी काढली. व्हॅन स्लाइकने कोटाची टाचणी काढून कापलेल्या कडेवर एकेक कडी मोजली, ओठ हलवत. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. आणि सालीलगत या वर्षीची अर्धवट, ओलसर. त्याने वही उघडून तारीख पुन्हा वाचली, कुणी विचारलं नसताना. मग म्हणाला, "दगड इथे बसवा."

काका शिडीवरून उतरले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला काळं लागलं होतं. आधी मला वाटलं रक्त आहे. त्यांनी अंगठा बीबला दाखवला, मग मला.

"कोळसा," ते म्हणाले. "त्या पहिल्या मोजणीदाराने काढलेले आकडे. मी कोरलं तेवढंच गेलं. रेघांच्या बाहेरचा राहिला होता." ते अंगठ्याकडे बघत होते. "तो माणूस त्याच वर्षी नदीत बुडून मेला. माझ्या बोटाला त्याचा कोळसा लागलाय, बघ."

मग त्यांनी माझ्या हाताला धरून मला झाडाजवळ नेलं. गुरुवारच्या खालच्या खाचेत नखाने दाखवत ते आत आत जात राहिले. "इथे मी या रानात आलो. इथे माझा जन्म. इथे माझ्या बापाचा. ही त्या बाईची खाच. आणि हे बघ, तिच्याही आत अजून किती आहे." खरंच होतं. खाचेच्या आत, लाकूड गडद होत गेलेलं, कड्या इतक्या दाट की एकमेकींना चिकटलेल्या. त्या बाईकडे कागद नव्हता, नंबर नव्हता. इथे उभं राहून तिने मुलांसाठी साखर केली, एवढंच झाडाला माहीत होतं. जमीन आमची ठरल्याच्या आनंदात ते मला उगाचच टोचलं, आणि अजूनही अधूनमधून टोचतं. एलिहूला सांगितलं तर तो म्हणाला, "तू प्रत्येक सुखाच्या आत बोट घालून बघतेस." असेल तसं.

दगड मेपलच्या पायथ्याशी बसला. क्रँडलला कंपनीने त्याच्या उत्तरेकडून तेवढीच पट्टी दिली. तिथे चांगलं कुरण निघालं, आणि पुढे तो म्हणायचा की काकांनी त्याला शिडीचं भाडं दिलं. काकांना चिंता होती ती झाडाची. दोन्ही जखमांवर ते शेण-मातीचा लेप लावायचे, दर वसंतात जाऊन बघायचे. एक बाजू वाळली, दुसरी अजून रस देते. त्यांच्यानंतर तो लेप मी लावते.

ते अठराशे चौतीसच्या फेब्रुवारीत गेले, अडुसष्टाव्या वर्षी, झोपेत. जमीन गोठलेली होती, म्हणून दफनासाठी एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, तोवर त्यांना गोठ्यात ठेवलं. पेटी एलिहूने केली, एकही खिळा न वापरता. त्याला दोन महिने लागले ते बरंच झालं. शेवटच्या वर्षात काकांना माणसांची नावं आठवत नसत. मला ते फिल्युरा म्हणायचे. पण कुठल्याही कोपऱ्याचा वाद निघाला की बीब घोड्यावरून यायचा, दारात टोपी काढायचा, आणि काका डोळे मिटून सांगायचे, बीचचं झाड आहे, ओढ्याकडे झुकलेलं, मुळांशी दोन दगड. आणि बीब दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारायचा.

"बर्फ किती होता, काका?"

ती फळी आमच्या चुलीवरच्या कप्प्यावर आहे. फिलेना गेल्या शरदात लग्न करून मिशिगनला गेली. जावई तिकडे मोजणीच्या टोळीत साखळी धरतो. निघताना मी तिला लोकरीचे चार मोजे जास्त दिले, तापावरची सिंकोना साल दिली, झऱ्याचं पाणी उकळून घे म्हणाले, आणि जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "खूण कराल तेव्हा पायाखाली बर्फ किती आहे ते वहीत लिहा." तो हसला. हो म्हणाला, पण त्या वयाची मुलं हो म्हणतात तसं.

काल तिचं पत्र आलं. चार पानं. घराला अजून खिडकी नाही, लांडगे लांब आहेत, आई तू काळजी करू नकोस, असं सगळं. शेवटी, तिच्या सहीच्या खाली, दुसऱ्या हाताने, पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती.

नऊ जानेवारी. बीच, चौदा इंच. खूण केली. बर्फ तीन फूट दोन इंच.